चिखल, तुरटी आणि एक आयुष्य : मऊ पदार्थांच्या भौतिकशास्त्राची ओळख

(गोंदिया जिल्ह्यातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी चहा घेत होतो, तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी जवळ आली. घरची धानाची शेती आहे, अर्जुनी मोरगावकडची. ती म्हणाली, "सर, मला फिजिक्समध्ये पुढं शिकायचं आहे. पण घरचे म्हणतात बी.एड. कर, नोकरी तरी लागेल. तुम्ही जे शिकवता, त्यानं काय होते?" मी तिला म्हटलं, व्याख्यान संपेपर्यंत थांब, उत्तर देतो. ते उत्तर शेवटी येईल. मधल्या वेळात मी काय काम करतो ते समजावून सांगतो. नुसतं "नोकरी लागते" किंवा "नाही लागत" असं उत्तर दिलं तर ते अर्धवट होईल.

सुरुवात तुमच्याच बांधीपासून करू.

रोवणीच्या चिखलात काय घडतं?

रोवणीच्या आधी आपण चिखलणी करतो. का करतो? तण मरतं, जमीन सपाट होते, हे तर आहेच. पण मुख्य गोष्ट अशी की चिखलणीनं मातीचे गोळे फुटतात, चिकणमातीचे अगदी बारीक कण सुटे होतात आणि जमिनीतली छिद्रं बुजवतात. म्हणून बांधीत पाणी थांबतं, झिरपून जात नाही.

आता पऱ्हे लावताना बोटांना काय जाणवतं ते आठवा. बोट दाबलं की चिखल बाजूला सरतो, पाण्यासारखा. बोट काढलं की तोच चिखल रोपाला धरून उभा राहतो, घट्ट पदार्थासारखा. मग चिखल द्रव की स्थायू? शाळेत आपण तीन अवस्था शिकलो, त्यात हा कुठं बसतो? कुठंच नीट बसत नाही. दही, टूथपेस्ट, रंग, मलम, आयाबाया अंगण सारवतात ते शेणकाल्याचं पाणी, हे सगळे याच घरातले. थोडा जोर लावला तर जागचे हलत नाहीत, जास्त लावला तर वाहू लागतात. अशा पदार्थांना मृदू पदार्थ म्हणतात, आणि त्यांचा अभ्यास म्हणजे मृदू पदार्थांचं भौतिकशास्त्र. त्यातला मोठा भाग कलिलांचा आहे. कलिल हा शब्द तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेला आहे. एका पदार्थाचे बारीक कण दुसऱ्यात पसरलेले, कणांचा आकार साधारण एक नॅनोमीटर ते एक मायक्रोमीटर. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर त्याचाही हजारावा.

गढूळ पाणी निवळत का नाही?

आपल्या भागात मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि जपलेले. जुलैत अशा एखाद्या तलावाचं किंवा बोडीचं पाणी ग्लासात घ्या. रेती लगेच खाली बसेल. बाकीचं पाणी मात्र चहासारखं लालसर गढूळच राहील. गुरुत्वाकर्षण दोघांना सारखंच ना? मग हा फरक कशाचा?

हिशेब करून पाहू. पाण्यात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आकार दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा रेतीचा कण सेकंदाला सुमारे ९ मिलिमीटर खाली जातो. १० सेंटिमीटरचा ग्लास, दहा-बारा सेकंदांत तळाशी. एक मायक्रोमीटरचा मातीचा कण घेतला तर तेवढ्याच ग्लासाला तीस तासांच्या आसपास लागतात. आणि मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाचा कण? त्याला चार महिने! तेही कुणी ग्लासाला हात लावायचा नाही, आणि ऊन लागून पाण्यात बारीकसासुद्धा प्रवाह तयार व्हायला नको. घरात असं पाणी कधी राहतं का?

त्यात आणखी एक गंमत आहे. पाण्याचे रेणू या कणाला सगळ्या बाजूंनी सतत धडका देत असतात. या धडकांमुळं तो कण एका सेकंदात सुमारे ३ मायक्रोमीटर इकडंतिकडं भरकटतो. तेवढ्याच वेळात गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं ९ नॅनोमीटर. म्हणजे भरकटणं बुडण्याच्या तीनशेपट. दिवसभरानंतर दोन्ही अंतरं साधारण बरोबरीला येतात, कारण बुडण्याचं अंतर वेळेच्या प्रमाणात वाढतं आणि भरकटण्याचं वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आणि कण जर १० नॅनोमीटरचा असेल तर धडका त्याला अर्धा मीटर उंचीपर्यंत तरंगता ठेवू शकतात. तो तुमच्या ग्लासात कधीच पूर्ण खाली बसणार नाही.

या भरकटण्याला ब्राऊनियन गती म्हणतात. रॉबर्ट ब्राऊन हा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८२७ साली परागकणांतून निघालेले बारीक कण त्याला सूक्ष्मदर्शकाखाली थरथरताना दिसले. ते जिवंत असतील असं वाटणं साहजिक होतं. पण त्यानं दगडाची पूड घेऊन पाहिली, तीही थरथरली. मग १९०५ मध्ये आईनस्टाईननं हिशेब मांडला, की हे रेणूंच्या धडकांमुळं होतं आणि कण किती भरकटेल ते मोजता येईल. फ्रान्समध्ये जाँ पेराँ यांनी पाण्यातले डिंकासारख्या पदार्थाचे कण एकेक करून मोजले, कोणत्या उंचीवर किती कण आहेत ते पाहिलं, आणि त्यातून अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा काढला. अणू खरोखर आहेत की ती फक्त सोयीची कल्पना आहे, हा वाद त्या काळी चालू होता. तो मिटवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. पेराँ यांना १९२६ चं नोबेल मिळालं. विचार करा, अणू आहेत याचा पुरावा गढूळ पाण्यातून आला.

मग तुरटी काय करते?

कण बुडत नाहीत हे समजलं. पण एकमेकांवर आपटतात तर चिकटत का नाहीत? चिकटून मोठे गोळे झाले असते तर झपकन बसले असते.

कारण असं की मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. जवळ आल्यावर ओढणारं बलही असतं, पण तेवढं जवळ येऊच देत नाहीत. ओढ आणि ढकलणं यांच्या भांडणाचा नीट सिद्धांत १९४० च्या दशकात तयार झाला, रशियात देर्यागिन आणि लान्दाऊ यांनी, हॉलंडमध्ये फेरवे आणि ओव्हरबीक यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे.

आता तुरटी फिरवली. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आयनावर तीन धन प्रभार असतात. कणांच्या भोवतीचा ऋण प्रभार तो झाकून टाकतो. मिठातल्या सोडियमवर एकच धन प्रभार. मग काय, तिप्पट मीठ घातलं की झालं? नाही. तेच काम मिठाकडून करून घ्यायला शेकडोपट आयन लागतात. सिद्धांतानुसार हा फरक तीनच्या सहाव्या घाताइतका, म्हणजे ७२९ पट जाऊ शकतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून जेलीसारखा हायड्रॉक्साइड तयार करतो, आणि तो जाळ्यासारखा कणांना ओढत खाली नेतो. म्हणून अगदी थोडी तुरटी पुरते.

आपल्याकडं जुने लोक निवळीचं बी उगाळून माठात फिरवायचे. तिथं लांब साखळीचे रेणू काम करतात. एका रेणूला अनेक कण चिकटतात, मण्यांची माळ व्हावी तसे, आणि सगळी माळ खाली बसते. रसायन वेगळं, तत्त्व जवळचंच.

एक सूचना मात्र देऊन ठेवतो. निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गढूळपणा गेला तरी रोगजंतू राहू शकतात. उकळणं किंवा क्लोरीन, हे हवंच.

इथं या विषयाचं एक मोठं सूत्र दिसतं. चिमूटभर बदल, आणि पदार्थाचं वागणंच पालटतं. दुधाचं दही होतं तेव्हाही हेच. दुधातले केसिनचे कण ऋण प्रभारामुळं सुटे असतात. विरजण लावलं की आम्ल वाढतं, प्रभार जातो, कण एकमेकांना धरून जाळं करतात. पाणी तेवढंच, प्रथिनं तेवढीच, पण आता भांडं तिरपं केलं तर सांडत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर-जिल द जेन यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाचं नावच "मृदू पदार्थ" ठेवलं. डिंक, साबण, रबर ही रसायनवाल्यांची कामं, असं समजलं जायचं. त्यांनी दाखवलं की यात पहिल्या दर्जाचं भौतिकशास्त्र आहे.

पुण्यातली एक परंपरा

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडं काय?

डॉ. रघुनाथ माशेलकर हे नाव तुम्ही ऐकलेलं असतं ते हळदीच्या पेटंटच्या लढ्यामुळं, किंवा सीएसआयआरचे माजी महासंचालक म्हणून. पण त्यांचं मूळ संशोधन कशावर? दाट, विचित्र वाहणाऱ्या द्रवांवर, पॉलिमरवर आणि जेलवर. म्हणजे मृदू पदार्थांवरच. गोव्यातल्या माशेल गावी १९४३ मध्ये जन्म, लहानपणी वडील गेले, आईनं मुंबईत कष्ट करून शिकवलं. शाळेतल्या भावे सरांनी भिंगानं सूर्यकिरण एकत्र करून कागद जाळून दाखवला, ही आठवण ते नेहमी सांगतात. मुंबईच्या यूडीसीटीमधून १९६९ मध्ये पीएच.डी., मग इंग्लंडमध्ये सॅलफर्डला काम, आणि १९७६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपण एनसीएल म्हणतो तिथं, परत आले.

तिथं एक परंपरा उभी राहिली. डॉ. आशिष लेले आणि माशेलकर यांनी मिळून जेल पाणी पिऊन कसे फुगतात, तापमान बदललं की अचानक कसे आक्रसतात, कापलेले तुकडे पुन्हा कसे जुळतात, यावर काम केलं. लेले यांना २००६ चा भटनागर पुरस्कार मिळाला, आणि पुढं २०२१ मध्ये ते एनसीएलचे संचालक झाले. त्याच प्रयोगशाळेत लेले-माशेलकरांबरोबर संशोधन करून डॉ. योगेश जोशी पुढं गेले आणि आयआयटी कानपूरला प्राध्यापक झाले. त्यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार.

जोशींचं काम मुद्दाम सांगतो, कारण ते तुमच्या बांधीतल्या चिखलाचंच आहे. लॅपोनाइट नावाची कृत्रिम चिकणमाती असते. तिचे कण म्हणजे बारीक चकत्या, व्यास २५-३० नॅनोमीटर, जाडी फक्त एक नॅनोमीटर. शंभर ग्रॅम पाण्यात तीन ग्रॅम टाका. सुरुवातीला पाण्यासारखं वाहतं. बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवा. ना काही सुकतं, ना काही बाहेर जातं, तरी काही वेळानं बाटली उलटी केली तर पडत नाही. आणि तिथं थांबत नाही, दिवसेंदिवस आणखी घट्ट होत जातं. जोरात ढवळा, पुन्हा "तरुण" होतं. म्हणजे हा पदार्थ म्हातारा होतो! चिखलणी करून दोन-चार दिवस तशीच ठेवलेली बांधी रोवायला जड जाते. कण खाली दबतात हे एक कारण, पण त्यांची आपसातली रचना घट्ट होत जाते हेही त्यात आहे.

आता अडचण बघा. आपल्या पुस्तकातले नियम असं गृहीत धरतात की पदार्थ आज जसा, तसाच उद्या. स्प्रिंगला आज वजन लावा किंवा उद्या लावा, ताण तोच. म्हाताऱ्या होणाऱ्या पदार्थाला हे लागू पडत नाही. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवलं, की भिंतीवरच्या घड्याळाऐवजी पदार्थाच्या स्वतःच्या घड्याळानं वेळ मोजली, म्हणजे पदार्थ मंदावतो तसं मंदावणारं घड्याळ घेतलं, तर जुने नियम पुन्हा चालू लागतात. मग आजच्या थोड्या मोजमापावरून पदार्थ पुढं बराच काळ कसा वागेल याचा अंदाज करता येतो. रंगाचा डबा, औषधाचं मलम दुकानात वर्षभर राहिलं तर कसं होईल, हे विचारणाऱ्याला यात रस असणारच.

हे आयुष्य कसं असतं?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येतो.

वाट अशी आहे. बी.एस्सी.नंतर आयआयटी जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते, किंवा आपल्या विद्यापीठातून एम.एस्सी. करता येते. पुढं सीएसआयआर नेट, गेट किंवा जेस्ट, आणि मग पीएच.डी. त्यात पाच वर्षं धरा, कधी सहा. या काळात फेलोशिप असेल तर विद्यावेतन मिळतं. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये आणि पुढच्या टप्प्यात ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. त्यानंतर पोस्टडॉक, दोन ते चार वर्षं, बऱ्याचदा परदेशात. कायमची जागा मिळेपर्यंत वय तिशी ओलांडून जातं.

हे मी गोड करून सांगणार नाही. पीएच.डी. केलेल्या प्रत्येकाला प्राध्यापकाची जागा मिळत नाही. माझ्याबरोबरचे चांगले, माझ्यापेक्षा हुशार लोक मध्येच बाहेर पडले. कुणाच्या घरी बहिणीचं लग्न, कुणाच्या घरी वडिलांचं आजारपण. दर महिन्याला पैसे पाठवावे लागतात त्याला "आणखी दोन वर्षं थांब" म्हणणं सोपं नसतं. फेलोशिप महिनोन्‌महिने उशिरा येते, तेव्हा ज्याच्या घरी साठवण नाही त्यालाच ते जास्त लागतं. हे घरच्यांपासून लपवू नका. त्यांना आकडे सांगा, वर्षं सांगा.

पण या विषयाची दुसरी बाजूही सांगतो. कण भौतिकशास्त्र शिकलेला माणूस विद्यापीठाबाहेर पडला तर त्याला नवीन काहीतरी शिकावं लागतं. कलिलवाल्याला तसं नाही. रंग, औषधं, खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधनं, सिमेंट, शाई, या सगळ्या कारखान्यांना "हे मिश्रण घट्ट का झालं, पातळ का झालं, थर का सुटला" हे सांगणारी माणसं लागतात. तुमचंच बघा. गोंदिया म्हणजे राइस मिलचं गाव. एक टन धानातून साधारण २०० किलो कोंडा निघतो, तो जाळला की ४० किलोच्या आसपास राख, आणि त्या राखेत बहुतांश सिलिका. तीच सिलिका अल्कलीत विरघळवून पुन्हा बारीक कणांच्या रूपात काढली की टायरमध्ये जाते, टूथपेस्टमध्ये जाते. आम्ही प्रयोगशाळेत कलिल म्हणून जे सिलिकाचे कण वापरतो, त्यांचं मूळ रसायन तुमच्या गिरणीमागच्या ढिगाऱ्यात पडलेलं आहे.

दुसरी गोष्ट, सुरुवात करायला मोठं यंत्र लागत नाही. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक आणि मोबाइल पुरे. दुधाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळा, काचपट्टीवर घ्या, ४० च्या भिंगाखाली बघा. स्निग्धाचे थेंब थरथरताना दिसतील. मोबाइलनं व्हिडिओ काढा. एक मायक्रोमीटरचा थेंब धरला तर १० सेकंदांत तो सरासरी ४ मायक्रोमीटर सरकलेला सापडेल, आणि ४० सेकंदांत ८. वेळ चौपट, अंतर दुप्पट. थेंबाचा आकार मोजता आला तर त्यातून बोल्ट्झमनचा स्थिरांक काढता येतो. पेराँनी जे केलं, त्याची छोटी आवृत्ती तुमच्या कॉलेजात एका आठवड्यात होते. आकडा दीडपट चुकला तरी चालेल. का चुकला हे शोधणं, तिथूनच संशोधन सुरू होतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : इंग्रजी कच्चं असेल तर?

उत्तर : माझंही होतं. शोधनिबंध वाचून वाचून सुधारतं. मोजमाप नीट असेल तर भाषा दुरुस्त करायला माणसं मिळतात. मोजमाप खोटं असेल तर कितीही चांगलं इंग्रजी ते वाचवत नाही.

प्रश्न : बी.एड. करून मग हे करता येईल का?

उत्तर : येईल, दार बंद होत नाही. पण गणिताची सवय तुटते. बी.एड.चा फॉर्म भरायचा तर भरा, त्याच वर्षी जॅमही द्या. एक परीक्षा जास्त दिल्यानं काही बिघडत नाही. निकाल हातात आल्यावर घरी बोला. नुसत्या इच्छेपेक्षा निकालावर बोलणं सोपं जातं.

तर बाई, तू विचारलंस यानं काय होते. यानं नोकरीची हमी मिळत नाही. वर्षं लागतात, आणि ती कुणाच्या तरी आधारावर काढावी लागतात. पण ज्या चिखलात तू लहानपणापासून उभी आहेस, तो अजून कुणालाही पूर्ण समजलेला नाही. तो समजून घ्यायचं काम पगार देऊन करवून घेणाऱ्या जागा या देशात आहेत, आणि त्या जागांवर धानाच्या शेतातून आलेली माणसं बसू शकतात. ठरव तू. पण ठरवण्याआधी तो दुधाचा थेंब एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघ, आणि तास-दोन तास मोजत बस. कंटाळा आला, तर बी.एड. उत्तम आहे. वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर मला येऊन भेट.